मनुकांचं शरबत

जावई काय करतात असं पुण्यात कोणी विचारलं की माझी आई 'इम्पोर्टचा बिझनेस' एवढंच सांगायची. कशाचा इम्पोर्ट, असं कोणी खोदून विचारलंच तर तिला नेमकं तेव्हाच गॅसवरचं दूध आठवायचं. माझा नवरा लंडनमधल्या एका कंपनीसाठी वाइन विकत घ्यायचा. फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या खोऱ्यातलं काय इंग्लंडला यायचं आणि काय नाही, हे त्याच्या जिभेवर ठरायचं. सकाळपासून तो टेबलभर बाटल्यांतला एकेक घोट तोंडात घ्यायचा, घोळवायचा आणि बादलीत थुंकायचा. माझ्या सासूबाईंना त्याच्या नोकरीची लाज वाटायची, पण ती या थुंकण्याची. "एवढा शिकवला आणि चारचौघांत थुंकत बसतोस," असं त्या म्हणायच्या आणि तो हसून त्यांच्या गालाला गाल लावायचा.

माझं सासर बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. मूळ गाव अलिबागजवळ. सासूबाईंचं सगळं आयुष्य ठाण्याला शाळेत शिकवण्यात गेलं आणि सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे लंडनच्या टोकाला, स्टॅनमोरला राहायला आल्या. मी पुण्याची, इथे एका हॉस्पिटलात फार्मासिस्ट. लग्न ठरलं तेव्हा दोन्हीकडच्यांनी तोंडं वाकडी केली होती, पण भांडायला भाषा एकच असल्यामुळे भांडण मिटलंही लवकर.

शुक्रवारी संध्याकाळी जेवायच्या आधी त्यांच्याकडे वाइनच्या पेल्यावर प्रार्थना म्हणतात. तिला किद्दुश म्हणतात. आता कोकणात वाइन कुठून येणार? म्हणून जुन्या लोकांनी काळ्या मनुका पाण्यात भिजवल्या, कुस्करल्या, गाळल्या आणि त्या शरबतावर प्रार्थना म्हटली. ती रीत तशीच चालू राहिली. इथे सुपरमार्केटात चांगली कोशर, म्हणजे त्यांच्या धर्माला चालणारी वाइन मिळते, पण सासूबाई कसल्या ऐकतात. गुरुवारी रात्री मनुका भिजायच्या, शुक्रवारी दुपारी त्या स्वतःच्या हातांनी कुस्करायच्या आणि जुन्या मलमलच्या ओढणीच्या तुकड्यातून गाळायच्या. ज्याच्या घरात जिन्याखाली बाटल्यांची चळत लागलेली असायची, तो माणूस दर शुक्रवारी डोक्याला टोपी घालून चांदीच्या पेल्यातून मनुकांचं पाणी प्यायचा. मला ते बघायला फार आवडायचं.

ल्वार मी त्याच्याबरोबर बऱ्याचदा पाहिलं. नदी रुंद, पण उथळ आणि आळशी, मधे मधे वाळूची बेटं. काठावरचा दगड पांढरा आणि इतका मऊ की नखाने ओरखडा उठतो. त्या दगडाची घरं बांधली, चर्च बांधली, आणि दगड काढून काढून टेकडीच्या पोटात जी भुयारं झाली त्यात वाइन ठेवली. आत शिरलं की मातीच्या माठाजवळ येतो तसा वास येतो. वूव्रेचा एक म्हातारा शेतकरी आम्हाला त्याच्या भुयारात घेऊन जायचा आणि शेनिन नावाच्या त्या एकाच द्राक्षापासून केलेली कोरडी म्हणजे बिनगोड, गोड आणि फेसाळती अशी वाइन पुढे ठेवत जायचा. नवरा मला समजावायचा, की हेच द्राक्ष आपल्या नाशिकलाही लावलंय, पण इथे त्याला पिकायला जेवढं झुरावं लागतं तेवढं तिथे लागत नाही. समुद्राकडे गेलं की हलकी म्युस्कादे, शिनोंला गेलं की लाल, तिला पेन्सिलीला टोक केल्यावर येतो तसा वास. मी नुसती मान हलवायचे. मला त्यातली फक्त पेन्सिल कळायची.

एकदा ऑक्टोबरात त्याने मला लेयाँ नावाच्या ओढ्याकाठी नेलं. सकाळी धुकं इतकं की वेलीची पुढची रांग दिसेना. त्या धुक्याने द्राक्षांवर बुरशी येते, द्राक्षं सुरकुततात, काळपट होतात, आणि तोडणारे लोक पुन्हा पुन्हा येऊन फक्त ती कुरूप झालेलीच द्राक्षं वेचतात. त्यांची वाइन मधासारखी गोड होते. मी फोटो काढून सासूबाईंना दाखवला तर त्या म्हणाल्या, "अगं, या तर मनुकाच. त्यासाठी एवढ्या लांब कशाला जायचं?"

लंडनच्या ऑफिसात तो थुंकायचा. ल्वारला मात्र थुंकायचा नाही. लोक घरी जेवायला बोलावतात, आजोबांच्या वेळची बाटली उघडतात, तिथे कसं थुंकणार, असं तो म्हणायचा. मग घरी आल्यावरही थुंकणं बंद झालं. संध्याकाळी 'बघायला' म्हणून एक बाटली उघडायची, मग ती 'उद्या बिघडेल' म्हणून संपायची. मला दिसत होतं आणि मी बोलत होते. प्रेमाने बोलले, ओरडून बोलले, बॅग भरून केंब्रिजला मैत्रिणीकडे जाऊन राहिले. तो दर वेळी मला न्यायला यायचा, गाडीत रडायचा, महिनाभर सोडायचा. त्याच्याइतका गोड दारुडा मी पाहिला नाही, आणि नोकरीमुळे मी पुष्कळ पाहिलेत.

मग त्याचं पोट फुगलं, डोळे पिवळे झाले आणि एक दिवस रक्ताची उलटी झाली. लिव्हर गेलंय, ट्रान्सप्लांटशिवाय दुसरा उपाय नाही, असं सांगण्यात आलं. ज्या हॉस्पिटलात आम्हाला पाठवलं तिथल्या डॉक्टरबाईंनी अट अगदी सरळ सांगितली. आयुष्यात पुन्हा एक थेंब नाही. आधी न सांगता कधीही बोलावून लघवी तपासतील. त्यात दारू सापडली तर लिस्टवर घ्यायचा विचार तिथेच थांबेल, कारण एक लिव्हर म्हणजे कोणीतरी मेलेलं असतं आणि ते मिळावं म्हणून वाट बघणारे पुष्कळ असतात. तो म्हणाला, "आय प्रॉमिस." सासूबाईंनी त्याच दिवशी मलिद्याचा नवस बोलला. मुलाला नवं लिव्हर मिळू दे, तुझ्या नावाने गोड पोह्यांचं ताट आणि पाच फळं ठेवीन, असं त्या त्यांच्या नबीला, बेने इस्रायली ज्याला नवस बोलतात त्या प्रेषिताला, घरी येईपर्यंत गाडीत पुटपुटत होत्या.

मी घर धुऊन काढलं. जिन्याखालच्या बाटल्या कंपनीचा माणूस येऊन घेऊन गेला. माउथवॉश फेकला, खोकल्याचं औषध फेकलं, व्हॅनिला इसेन्स फेकला, हात पुसायचं जेलसुद्धा घरात ठेवलं नाही. फार्मासिस्ट आहे मी, कशाकशात अल्कोहोल असतं ते मला तोंडपाठ आहे. सासूबाई म्हणाल्या, "आता माझ्या लोणच्यातही शोधशील." मी लोणच्याचीही बरणी हुंगून पाहिली होती, ते त्यांना सांगितलं नाही.

तो दारूतून सुटला. खरोखर सुटला, असं मला वाटलं. हिवाळाभर तो वरच्या खोलीत खिडकीपाशी बसून असायचा. अंगावर दोन स्वेटर, मधे फुगलेलं पोट आणि हात नुसत्या काड्या. वास घ्यायलाही बंदी केलीस तर मी श्वास कसा घेऊ, असं एकदा थट्टेने म्हणाला. मार्च संपता संपता वेलींना पालवी फुटते आणि एप्रिलमध्ये कधीतरी पहाटे एकदम गारठा पडून ती करपते. ल्वारचे शेतकरी अशा पहाटे वेलींच्या रांगांमधून मोठाल्या मेणबत्त्या पेटवतात. हा इथे बसून फोनवर तिकडचं हवामान बघायचा. स्वतःचं लिव्हर संपत आलेलं आणि हा माणूस शिनोंची पालवी वाचेल का या काळजीत. मला त्याचा राग यायचा, तरी तिकडे किती डिग्री आहे ते मीच विचारायचे.

शुक्रवार तेवढा त्याने सोडला नाही. कितीही थकवा असला तरी जिना उतरून खाली यायचा, टोपी घालायचा, प्रार्थना म्हणायचा आणि पेला रिकामा करायचा. सासूबाईंना डायबेटिस, त्या फक्त ओठ लावायच्या. माझी बहुतेक शुक्रवारी उशिराची ड्यूटी असायची, मी घरी येईपर्यंत मेणबत्त्या जळून गेलेल्या असायच्या. तो आठवड्यातून एकदा तरी चवीने काही पितोय, याचं मला बरं वाटायचं.

एप्रिलमध्ये एका सोमवारी सकाळी क्लिनिकमधून फोन आला, आजच या. आम्ही गेलो. त्याने सॅम्पल दिलं. वेटिंग रूममध्ये आमच्या शेजारी कार्डिफहून आलेली एक बाई बसली होती, तिचा नवरा बस ड्रायव्हर. त्याने आयुष्यात दारूला हात लावला नव्हता, जन्मापासूनचाच काहीतरी दोष होता. त्याचे डोळे माझ्या नवऱ्यापेक्षाही पिवळे होते. तिने आम्हाला तिच्या डब्यातलं सँडविच दिलं आणि म्हणाली, "आपल्या दोघींनाही लिव्हर मिळाल्याचा फोन लवकर येऊ दे." मी तिला मिठी मारली.

बुधवारी मी कामावर असताना ट्रान्सप्लांटच्या नर्सचा फोन आला. ती भली बाई आहे, तिने आधी मला बसायला सांगितलं. लघवीत अल्कोहोल सापडलं होतं. थोडं, पण होतं. माझ्या हातात कोणाच्या तरी गोळ्यांचं पाकीट होतं, ते मी व्यवस्थित जागेवर ठेवलं, एप्रन काढला आणि घरी निघाले. ट्यूब रेल्वेत मला काहीही आठवत नव्हतं, अगदी माझं स्टेशनही.

"आय डिडन्ट ड्रिंक," तो म्हणाला. खिडकीपाशीच बसला होता. "शपथ घेतो. आईची घेतो. मी कुठून आणणार? मला धड कोपऱ्यापर्यंत चालता येत नाही."

"मग सापडलं कसं?"

"लॅबची चूक असेल. मला माहीत नाही. विश्वास ठेव ना गं."

मी विश्वास ठेवला नाही. मी वेड्यासारखी घर उलटंपालटं करत सुटले. गादी उचलली, बुटांत हात घातले, टॉयलेटच्या टाकीचं झाकण काढलं, बागेतल्या शेडमध्ये खताच्या पिशव्या ओतून पाहिल्या. तोंडाने त्याला काय काय बोलत होते ते लिहिण्यासारखं नाही. सासूबाई जिन्यात बसून रडत होत्या, "अगं, तो म्हणतोय ना नाही म्हणून." त्यांच्यावरही ओरडले. बुडत्या माणसाला सावरायला जे येतात त्यांनाच तो खाली ओढतो, तसं झालं होतं माझं.

शेवटी वरच्या पॅसेजमधलं एअरिंग कपबोर्ड राहिलं. गरम पाण्याच्या टाकीचं ते कपाट, त्यात टॉवेल आणि चादरी. धुणं, इस्त्री, टॉवेल हे सगळं सासूबाईंचं राज्य, मी त्यात कधी हात घालत नाही. टॉवेलांच्या मागे हात घातला तर काच लागली. बाहेर काढून पाहिलं तर मनुकांची बरणी. तोंडाला मलमल बांधलेली, आत मनुका टम्म फुगून वर आलेल्या आणि कडेकडेने बारीक बुडबुडे.

मी मलमल सोडली आणि वास घेतला. मला वाइनमधलं काही कळत नाही, पण हा वास कोणालाही कळला असता. टाकीच्या उबेला राहून शरबत आंबलं होतं. मनुकांच्या सालीवर यीस्ट असतंच, गोडवा, पाणी आणि ऊब मिळाली की पुढचं आपोआप होतं. जिथून व्हॅनिला इसेन्ससुद्धा फेकला होता त्या माझ्या घरात दर शुक्रवारी, देवाच्या नावाने, चांदीच्या पेल्यातून दारू वाढली जात होती.

मी तशीच पॅसेजमध्ये बसले आणि हसायला लागले. मग रडायला. तो निर्दोष होता. त्याने शब्द मोडला नव्हता. मी बरणी घेऊन त्याच्या खोलीत गेले, त्याच्या पायांशी बसले, त्याच्या सुजलेल्या पावलांवर डोकं ठेवलं आणि माफी मागितली. माझ्या माहेरी नवऱ्याच्या पायावर डोकं ठेवण्याची माझ्या आजीनंतर कोणी हिंमत केली नसेल, इतक्या आम्ही तोंडाळ. पण मी ठेवलं. त्याने माझ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाला, "जाऊ दे. तुझी काय चूक?"

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या भिंतीला धरून खाली बसल्या. "थंडीत मनुका फुगत नव्हत्या गं," एवढंच म्हणाल्या. "म्हणून उबेला ठेवल्या." मग दोन्ही हातांनी स्वतःच्या तोंडात मारून घेऊ लागल्या. मी त्यांचे हात धरले. त्या दिवसापासून त्यांनी जेवण टाकलं. चहात बिस्किट बुडवून खायच्या, तेही मी समोर बसले तर. माझ्या हातांनी पोराला विष पाजलं, असं स्वतःशी बोलत राहायच्या. तो खाली यायचा, त्यांच्या खुर्चीशेजारी बसायचा, त्यांचा हात हातात घ्यायचा.

मी मात्र पेटून उठले. छोट्या बाटलीत ते शरबत भरलं, बर्फात ठेवलं आणि क्लिनिकला गेले. तिथल्या डॉक्टरबाईंना, नर्सला, जो समोर येईल त्याला मी बेने इस्रायली लोकांचा शुक्रवार समजावून सांगितला. कोकणात वाइन नव्हती हे सांगितलं. मनुका, ओढणीचं कापड, टाकीचं कपाट, सासूबाईंचा डायबेटिस, सगळं सांगितलं. मी स्वतः फार्मासिस्ट आहे, सापडलेलं प्रमाण इतकं कमी आहे की ते शरबताशीच जुळतं, असं सांगितलं. डॉक्टरबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तुमचे मिस्टर वाइनचे तज्ज्ञ आहेत ना? त्यांना चव कळली नाही?"

मी म्हणाले, "अहो, महिनोन्महिने आजारी माणूस तो. औषधांनी तोंडाची चव गेलीय. त्याला वरणभातसुद्धा मातीसारखा लागतो." हे खरंच होतं, तो रोज म्हणायचा. आणि ज्याच्यावर आई प्रार्थना म्हणायला लावते, ते कोण संशयाने पितं? हेही मी बोलले. त्या म्हणाल्या, टीमपुढे ठेवते.

ते दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. कामावर एकेक पाकीट तीनदा तपासायचे, कारण डोकं जागेवर नव्हतं. फोन वाजला की तोंडचं पाणी पळायचं. घरी यायचे तर एका खोलीत सासूबाई भिंतीकडे बघत बसलेल्या, दुसऱ्या खोलीत तो खिडकीबाहेर बघत बसलेला. मी या खोलीतून त्या खोलीत जेवणाची ताटं न्यायचे आणि तशीच भरलेली परत आणायचे. देवावर माझा फारसा विश्वास नाही. पण त्या आठवड्यात मी माझ्याही देवांना आणि त्यांच्याही नबीला धरलं होतं. कोणीही ऐका, म्हटलं.

पुढच्या आठवड्यात नर्सचा फोन आला. त्यांनी मान्य केलं होतं. नकळत घडलेलं म्हणून सोडून देणार होते, लिस्टवर घ्यायचा विचार चालू राहणार होता. शरबत बंद, तपासण्या वाढणार, आणि पुन्हा काही सापडलं तर मात्र कोणाचंच काही चालणार नाही. तिने हे तीनदा बजावलं. मी तिला इतक्या वेळा थँक्यू म्हणाले की ती हसायला लागली.

त्याला ओरडूनच जिन्यावरून बातमी सांगितली आणि आधी स्वयंपाकघरात गेले, कारण सासूबाईंचा जीव जास्त टांगणीला लागलेला होता. त्या ओट्याशी उभ्या होत्या. मी त्यांना घट्ट धरलं आणि सांगितलं. पुरावा म्हणून फ्रिजमध्ये ठेवलेली ती बरणी काढली आणि त्यांच्या समोरच सिंकमध्ये ओतली. मग त्यांना खुर्चीत बसवलं, वाटीभर मऊ भात कालवला आणि लहान मुलाला भरवतात तसा भरवायला लागले. दोन घास त्यांनी खाल्ले.

"आई, आता मनातून काढून टाका," मी म्हणाले. "कोणी तुम्हाला दोष देत नाहीये."

त्यांनी डोळे पुसले. पहिल्यांदाच जरा मोकळ्या झाल्यासारख्या दिसल्या. "मी तरी म्हणत होते त्याला," त्या म्हणाल्या. "की एका रात्रीत भिजतात मनुका, एवढे दिवस कशाला ठेवायच्या? पण म्हणाला, आई, वरच्या कपाटात ऊब आहे, चार दिवस ठेव, चव चांगली उतरते. मी म्हटलं, त्याला त्यातलं कळतं."

माझ्या हातात घास तसाच राहिला.

"चमचाभर साखरही त्यानेच घालायला सांगितली. आणि रोज स्वतः उठून कपाटाशी जाऊन हलवायचा. मला म्हणायचा, तू जिना नको चढूस, तुझे गुडघे दुखतात." त्या किंचित हसल्या. "तुझ्यापुढे बोलले नाही. तू त्याच्यावर ओरडली असतीस. चुकलं बिचाऱ्याचं. त्याला तरी कुठे माहीत होतं?"

मी उरलेला भात त्यांना भरवला. वाटी विसळली. नळ बंद केला. त्यांना म्हणाले, "या शुक्रवारी दुकानातून द्राक्षाचा ज्यूस आणते. मनुका नकोत आता." त्यांनी मान हलवली. मग मी वर गेले.

तो खिडकीपाशी बसला होता. माझ्याकडे बघितलं आणि त्याला कळलं. "आईने सांगितलं," तो म्हणाला.

मी दार लावून घेतलं. "किती शुक्रवार?"

"तीन." मग म्हणाला, "आणि मधले काही दिवस. थोडं थोडं."

"तुला चव कळत होती."

"तेवढीच कळत होती." तो माझ्याकडे बघत नव्हता. "पहिल्यांदा मी खरंच फक्त ऊब मिळावी म्हणून सांगितलं. आय स्वेअर. दुसऱ्या दिवशी टॉवेल घ्यायला गेलो तर बुडबुडे आले होते. फेकणार होतो मी. मग वास घेतला." त्याचा आवाज बदलला. गेले कित्येक महिने मी तो आवाज ऐकला नव्हता. भुयारात म्हाताऱ्या शेतकऱ्याशी बोलताना असायचा, तो. "वूव्रेसारखं होतं गं. भाजलेलं सफरचंद, मध, आणि जिभेवर अगदी हलकं चुळबुळत होतं. जिवंत होतं. या घरात मी सोडून बाकी सगळं जिवंत आहे असं वाटायचं, आणि ते प्यालं की मीही."

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. त्याच्या आईने सात-आठ दिवस अन्न टाकलं होतं आणि हा तिचा हात हातात घेऊन बसत होता. मी त्याच्या पायांवर डोकं ठेवलं होतं आणि याने माझ्या केसांवरून हात फिरवला होता. कार्डिफची ती बाई आठवली, तिचं सँडविच आठवलं. हे सगळं मी त्याला बोलले, पण हळू आवाजात, खाली ऐकू जाऊ नये म्हणून. मधेच तो म्हणाला, "मला जगायचंय. तुला वाटत असेल नाही, पण मला फार जगायचंय." आणि मला ते खरं वाटलं. त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

"त्यांना सांगणार आहेस?" त्याने विचारलं.

माझ्या नोकरीत खोटं बोलणं म्हणजे काय असतं हे मला माहीत आहे. लिव्हर एकच असतं आणि हात पसरणारे कितीतरी, हेही माहीत आहे. पण तिथे खुर्चीत जो पिवळा पडलेला माणूस बसला होता, तो मला जिवंत हवा होता. खोटारडा तर खोटारडा. मी म्हणाले, "नाही."

त्याने मोठा श्वास सोडला. माझा हात घेतला आणि कपाळाला लावला. त्याचं कपाळ गार होतं. मला वाटलं, आता तरी तळ लागला, इथून पुढे वरच यायचं आहे.

"आईला या शुक्रवारचं नको म्हणून सांगितलंस?" त्याने विचारलं.

"सांगितलं."

"आणि बरणीतलं?"

"आत्ताच ओतलं. सिंकमध्ये."

तो खिडकीबाहेर बघत राहिला. माझा हात अजून त्याच्या हातात होता. मग अगदी हलक्या आवाजात त्याने विचारलं, "सगळं?"